कॅम्पर ट्रक: तयार घ्यावा की स्वतः बांधावा?

ऑफ-रोड कॅम्पर ट्रकचा, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणाऱ्या, राहण्याचा डबा बसवलेल्या ट्रकचा नाद लागला की सगळ्यांना पहिला प्रश्न हाच पडतो: तयार घेऊ की बांधू? मी आधी एक तयार घेतला, मग एक बांधला, आणि आता माझं मत पक्कं झालं आहे. खालची गाडी, राहण्याच्या डब्याचं कवच आणि त्या दोघांना जोडणारी चौकट या तीन गोष्टी विकत घ्या किंवा जाणकाराकडून करून घ्या. आतलं घर मात्र स्वतः बांधा. पहिल्या तिन्हीत चूक झाली, तर ती उकलायला पुन्हा तेवढाच खर्च येतो. आतली चूक एका शनिवारी स्क्रू काढून सुधारता येते.

नवा, कंपनीने बांधलेला ट्रक इथे मी धरलेलाच नाही. युनिकॅट, अॅक्शन मोबिल, ब्लिस मोबिल यांचं काम अव्वल असतं, पण किंमत घराएवढी असते. खिसा बेताचा असेल तर चार वाटा उरतात: कुणीतरी वापरलेला पूर्ण ट्रक, अर्धवट सोडलेलं काम, जुना ट्रक आणि त्यावर तयार कवच, किंवा अगदी शून्यापासून बांधणी. वाट निवडण्याआधी एक काम करा. त्याला पैसे लागत नाहीत.

पहिली पायरी: वजनाची वही

ट्रक बघायला जायच्या आधी वही घ्या आणि वजनं लिहा. ७,४९० किलो एकूण वजनावर नोंदवलेला एखादा मध्यम फोर बाय फोर ट्रक धरा. युरोपात ७,५०० किलोवर परवान्याचा वर्ग बदलतो, म्हणून हा आकडा जाहिरातींत वारंवार दिसतो. हौदा उतरवलेली चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि केबिन मिळून ४,३०० किलो. डब्याखालची चौकट २५०. सव्वाचार मीटर लांबीचा सँडविच पॅनलचा (दोन पातळ पानांमध्ये फोम) डबा, दारं-खिडक्या धरून ६५०. लाकूडकाम आणि पलंग ३५०. बॅटऱ्या, सोलर, हीटर, फ्रिज २५०. अडीचशे लिटर पाणी टाकीसकट २८०. तीनशे लिटर डिझेल २५०. स्टेपनी, जॅक, पट्टे, अवजारं २५०. दोन माणसं १५०. कपडे, भांडी, शिधा, अंथरूण-पांघरूण, पुस्तकं २५०.

बेरीज ६,९८० होते, म्हणजे ५१० किलो शिल्लक. वाचायला बरं वाटतं. पण मागे दुचाकी टांगायची, पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) लावायचा, टपावर रॅक आणि बाजूला सावलीसाठी उघडणारं कापडी छत, पाणी थोडं जास्त, असं म्हणत गेलात की ते ५१० किलो कागदावरच संपतात. अंदाजावरच्या कुठल्याही बांधणीत किमान १० टक्के वजन विसरलेलं असतं असं धरून चाला. स्क्रू, गोंद, वायर, बिजागऱ्या यांचं वजन कुणी लिहीत नाही आणि काटा मात्र ते मोजतो.

एकूण वजनाइतकंच ते कुठल्या आक्सलवर पडतं हे महत्त्वाचं. दोन आक्सलमधलं अंतर ३.७ मीटर आहे आणि मागच्या आक्सलच्या २ मीटर मागे, स्टँडसकट २०० किलोची स्टेपनी टांगली असं समजा. मागच्या आक्सलवर २०० नाही, ३०८ किलो वाढतात, आणि पुढच्या आक्सलवरून १०८ किलो उचलले जातात. २०० ला ५.७ ने गुणा आणि ३.७ ने भागा, एवढंच गणित आहे. हेच गणित पाण्याच्या टाकीला, बॅटरीला, स्वयंपाकाच्या ओट्याला लावा. जड वस्तू दोन आक्सलच्या मध्ये आणि खाली ठेवायच्या. घराचा नकाशा त्यानंतर काढायचा. बहुतेक जण आधी सुंदर नकाशा काढतात आणि मग टाकीला जागा शोधत बसतात.

दुसरी पायरी: कुठे जायचंय ते खरं खरं लिहा

वाळवंट, चिखल, नदीपात्र हे सगळं फोटोत असतं. प्रत्यक्षात बहुतेक प्रवास खराब पण चालू रस्त्यावरच होतो आणि तिथे अरुंद, हलका ट्रक मोठ्या ट्रकला मागे टाकतो. गावातली गल्ली, लाकडी पूल, खाली वाकलेली झाडं, ही खरी परीक्षा असते.

समुद्र ओलांडायचा विचार असेल तर कंटेनर आठवा. हाय क्यूब कंटेनरच्या दाराची उंची साधारण २.५८ मीटर आणि रुंदी २.३४ मीटर. छप्पर वर उचलता येणारी छोटी गाडी त्यात बसू शकते. मध्यम ट्रक बसत नाही. तो चालवत जहाजावर चढवावा लागतो किंवा उघड्या रॅकवर जातो.

तिसरी पायरी: खालची गाडी

हलक्या गटात मित्सुबिशी फुसो कँटर, इसुझू एनपीएस आणि इवेको डेली यांच्या फोर बाय फोर आवृत्त्या येतात. केबिन अरुंद, वळायला सोप्या, पण भार उचलण्याची मर्यादा लवकर गाठतात. कँटर आणि इसुझूला मागे जोडचाकं असतात. दोन टायरच्या फटीत दगड अडकतो आणि वाळूत मागची चाकं पुढच्यांच्या चाकोरीत बसत नाहीत, म्हणून अनेक जण मागे एकेरी रुंद चाकं लावून घेतात. हा बदल नोंदणीत मान्य होतो का ते आधी विचारा.

मध्यम गट मला सगळ्यात समंजस वाटतो. जुने मर्सिडीज ९११, १०१७, ९१७, इवेको-मॅगिरसचे ट्रक, मॅन ८.१३६, स्टायर १२एम१८, बेडफर्ड एमजे, लेलँड डाफ टी२४४ हे सगळे अग्निशमन दलांतून किंवा सैन्यातून बाहेर पडलेले असतात. स्टायर १२एम१८ च्याच घराण्यातला अमेरिकन सैन्याचा एलएमटीव्ही. कॅटरपिलरचं इंजिन, अॅलिसनचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ३९५/८५ आर २० चे टायर आणि चालता चालता टायरची हवा कमी-जास्त करायची सोय. हमरस्त्यावर तो ताशी नव्वदच्या आसपास दमतो.

मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकचं प्रेम मला समजतं. त्याच्या पोर्टल आक्सलमुळे (चाकांतल्या गिअरमुळे आक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो) पोटाखाली जी मोकळी जागा मिळते ती दुसऱ्या ट्रकला सहसा मिळत नाही. पण तो लहान डब्यासाठी चांगला. चाकांतल्या गिअरची सीलं आणि तेलं यांच्याकडे सतत लक्ष द्यावं लागतं, आणि त्याची चासी मुद्दाम पिळण्यासाठीच बनवलेली आहे, हे चौकट करताना विसरून चालत नाही. मॅनचा काट१ याच्या अगदी उलट: पेटीसारखी ताठ चासी, पिळत नाही, त्यामुळे डबा बसवणं सोपं, पण ट्रक अवाढव्य आणि तहानलेला.

अग्निशमन ट्रकचे किलोमीटर कमी असतात यावर भाळू नका. तो वर्षानुवर्षं उभा असतो, आणि बोलावणं आलं की थंड इंजिनावर पूर्ण जोराने पळवला जातो. जागेवर उभं राहून पंप चालवल्याचे तास किलोमीटरच्या काट्यात दिसत नाहीत. सांगाडा मात्र बहुधा सुंदर असतो, कारण तो छताखाली राहिलेला असतो. सैन्यातल्या ट्रकचं बहुधा उलटं: उघड्यावर उभा, पण देखभाल वहीनुसार झालेली.

ट्रक तपासताना

इंजिन आधी सुरू करून ठेवू नका असं मालकाला आदल्या दिवशी सांगा, आणि गेल्या गेल्या हात लावून बघा. गरम लागलं तर कारण विचारा. सुरू झाल्यावर पांढरा धूर किती वेळ राहतो, निळा दिसतो का ते बघा.

मग जमिनीवर चटई टाका आणि गाडीखाली शिरा. चासीच्या लांब पट्ट्या जिथे दुहेरी आहेत तिथे दोन पत्र्यांच्या मध्ये गंज धरतो आणि फुगून पत्रे एकमेकांपासून लांब ढकलतो. ही फूग बोटाने कळते. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, केबिनचे मागचे आधार, बॅटरीच्या पेटीमागचा भाग इथे जुना स्क्रू ड्रायव्हर जोर लावून टोचा. नवा काळा रंग मारलेला असेल तर दुप्पट टोचा. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या आक्सलच्या टोकाच्या गोळ्यांवर तेल-ग्रीसची गळती बघा. डिफ लॉक (आक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) आणि लो रेशो (कमी वेग, जास्त जोर देणारे गिअर) प्रत्यक्ष टाकून, मऊ जमिनीवर चालवून बघा. वापर नसल्याने ते अडकून बसलेले असतात.

एअर ब्रेक असतील तर टाक्या पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं काट्याकडे बघत बसा. काटा उतरताना दिसला तर कुठेतरी फुसफुस आहे.

टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसत असली तरी दहा-बारा वर्षांचा टायर बदलायचाच. वीस इंची मोठ्या टायरचा पूर्ण संच जुन्या ट्रकच्या किमतीचा मोठा हिस्सा खातो, म्हणून हा आकडा भाव करताना पुढे ठेवा.

आणि पैसे देण्याआधी घरी बसून चार सुटे भाग शोधा: क्लच प्लेट, वॉटर पंप, ब्रेक चेंबर आणि चाकाचं तेल-सील. नंबरसकट चारही विकत मिळतात अशी खात्री झाली तर पुढे जा. दोनच मिळाले तर तो ट्रक कितीही देखणा असो, सोडून द्या.

चौथी पायरी: वापरलेला तयार ट्रक

तुमच्याकडे पैशापेक्षा वेळ कमी असेल तर ही वाट धरा. शून्यापासून बांधणाऱ्याने दीड-दोन हजार तास धरावेत. दर आठवड्याच्या सुट्टीत बारा तास काढले तरी वर्षाचे सहाशे होतात, म्हणजे तीन वर्षं. या तीन वर्षांत घरात काय काय घडतं, कुणाला वेळ द्यायचा राहून जातो, याचा हिशेबही मनाशी करा. तयार ट्रकमध्ये आधीच्या मालकाने ओतलेल्या श्रमाची किंमत सहसा वसूल होत नाही, आणि तो फायदा घेणाऱ्याला मिळतो.

माझा पहिला ट्रक असाच होता. न्हाणीघर पांढरंशुभ्र, आठवड्याभराच्या फिरस्तीत काही खटकलं नाही. पुढे एकदा न्हाणीच्या उंबऱ्यापाशी गुडघा टेकला तर फरशी किंचित दबली. अंगठ्याने दाबत गेलो तसा तो मऊपणा दाराकडे दोन वीत पसरलेला निघाला. पट्टी उचकटली आणि खालच्या प्लायवुडचे ओले, काळे तुकडे हातात आले. निचऱ्याच्या भोकाभोवतीचं सील पहिल्या दिवसापासून बसलेलंच नव्हतं. ती फरशी काढायला ओटा काढावा लागला, ओटा काढायला पाण्याची लाइन.

म्हणून तयार ट्रक बघताना फर्निचरचं कौतुक शेवटी करा. बूट काढून अनवाणी सगळ्या कोपऱ्यांत उभे राहा. खिडक्यांच्या खालच्या कडा, छतावरच्या झडपांच्या कडा, न्हाणी, ओट्याखालचा भाग अंगठ्याने दाबा. आर्द्रता मोजायचं साधं यंत्र बरोबर न्या. एका खिडकीची आतली पट्टी काढू देण्याची विनंती करा. कपाटं उघडून नाक आत घाला. साचलेल्या ओलीचा वास सुगंधी फवाऱ्याने लपत नाही. पाण्याच्या टाक्या भरून, डिझेल भरून वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा आक्सल वेगवेगळा तोला. मालक काट्यावर यायला तयार नसेल तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

अर्धवट सोडलेल्या कामाकडे आवर्जून बघा. डबा बसलाय, खिडक्या लागल्यात आणि आत रिकामं आहे, अशा टप्प्यावर अनेकांचा उत्साह, पैसा किंवा प्रकृती साथ सोडते. मला विचाराल तर बेताच्या खिशाला हाच सगळ्यात चांगला सौदा. अट एकच: चौकट आणि डबा कसा जोडलाय याचे काम चालू असतानाचे फोटो मागा. फोटो नसतील तर तपासायला जाणकार बरोबर न्या.

पाचवी पायरी: चौकट आणि कवच

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात महाग चुका इथेच होतात.

शिडीसारखी चासी खड्ड्यात पिळते आणि ती पिळायलाच हवी. चारही चाकं जमिनीला त्यामुळेच टेकतात. डबा मात्र ताठ असतो. दोघांना बोल्टने घट्ट आवळलं तर एकतर डब्याचे सांधे उकलतात, नाहीतर चासीला बोल्टच्या भोकापासून तडा जातो. म्हणून मध्ये चौकट हवी. तीन बिंदूंच्या पद्धतीत दोन जोड पक्के आणि एक जोड मधोमध फिरणारा असतो. चार बिंदूंच्या पतंगाकृती पद्धतीत पुढे-मागे मधोमध फिरणारे जोड आणि दोन्ही बाजूंना एकेक आधार असतो; लांब डब्याला ही बरी. तिसरी पद्धत स्प्रिंगची: मागे पक्कं, पुढे चौकट चासीवर टेकलेली आणि जोरदार स्प्रिंग तिला दाबून धरतात, चासी पिळली की तेवढीच वर उठते. मध्यम ट्रकला ही मला सर्वांत आवडते, कारण भार संपूर्ण लांबीवर पसरतो. ट्रक बनवणाऱ्या कंपन्या चासीवर काय बसवावं, कुठे भोक पाडू नये याची मार्गदर्शिका देतात. ती मिळवा आणि वेल्डिंग करणाऱ्याच्या हातात ठेवा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीत भोक पाडायचं नाही आणि विचारल्याशिवाय वेल्डिंग करायचं नाही.

आमचा ट्रक पहिल्यांदा पिळून बघितला तेव्हा पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक फळ्यांच्या थप्पीवर चढवलं. केबिनच्या पाठीला आणि डब्याच्या कपाळाला आधीच टेप चिकटवून खुणा केल्या होत्या. सपाटीवर दोन्ही बाजूंना सारखीच फट होती. थप्पीवर एका बाजूची फट चार बोटांनी कमी झाली, दुसरीकडची तेवढीच वाढली, आणि केबिनमधून डब्यात जाण्याच्या वाटेवरचा रबरी भाता हार्मोनियमच्या भात्यासारखा तिरका ताणला गेला. तो भाता आम्ही आखूड घेतला होता, दुसऱ्याच आठवड्यात बदलला. डब्याची दारं त्या अवस्थेत उघडून-बंद करून बघा. अडत असतील तर पीळ डब्यापर्यंत पोचतोय.

कवचासाठी स्वस्त पर्याय म्हणजे सैन्याचे जुने शेल्टर (ट्रकवर ठेवायच्या बंद खोल्या), उदाहरणार्थ झेपेलिन कंपनीचे. अॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये फोम, भलतेच दणकट. पण आतल्या-बाहेरच्या पत्र्याला जोडणारी धातूची चौकट थंडी थेट आत आणते. दोन माणसं रात्रभरात श्वासातून अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात आणि ते त्या गार पट्ट्यांवर जमतं. आतून फोमचा आणखी एक थर द्यावा लागतो, आणि तेवढी जागा जाते. शीतपेटीचे जुने डबेही मिळतात. ते ओलीसाठी काळजीपूर्वक तपासा, कारण पाणी शिरलेला फोम सुकत नाही.

नवं कवच करायचं तर फायबरग्लासची दोन पानं आणि मध्ये ४० ते ६० मिलिमीटर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा एक्सपीएस (पॉलिस्टायरिन) फोम, कडा फायबरग्लासच्याच अँगलने चिकटवलेल्या. पॅनल कापून मिळतात, जोडणी जाणकाराला बरोबर घेऊन घरी होऊ शकते. गोंद लावायचे पृष्ठभाग खरवडून, पुसून, सांगितलेल्या तापमानातच जोडा. खिडकीचं भोक कापायच्या आदल्या रात्री आतून पुठ्ठा लावून पलंग, ओटा, डोकं कुठे येतं ते बसून-झोपून बघा.

सहावी पायरी: आतलं घर

इथे आपलं हात-कसब चालतं. ट्रक बहुधा २४ व्होल्टचा असतो आणि घरगुती उपकरणं १२ व्होल्टची. घराची बॅटरी वेगळी ठेवा आणि मध्ये योग्य चार्जर-कन्व्हर्टर लावा. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण अडीच युनिट वीज देते. फ्रिज दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट घेतो, त्यावरून बाकीचा हिशेब करा. ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, म्हणून ती उबदार डब्याच्या आतच ठेवा. प्रत्येक वायरला बॅटरीजवळ फ्यूज द्या. हादऱ्याने वायर घासली जाते आणि आग तिथूनच लागते.

डिझेल हीटर चांगला, फक्त उंचावर विरळ हवेत तो काजळी धरतो, तेव्हा उंचीसाठी जुळवून घेणारा घ्या. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे गजर पलंगाजवळ हवेतच. पाण्याचे पाइप डब्याच्या आतून फिरवा आणि प्रत्येक जोड हाताला लागेल असा ठेवा. प्लायवुड हलकं घ्या, कपाटांना दाबून लागणारी कुलपं लावा.

सातवी पायरी: कागद आणि काटा

नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीकडे पहिला स्क्रू लावण्याआधी जा. मालवाहू वाहनाचं राहण्याच्या वाहनात रूपांतर, टायरचा बदललेला आकार, डब्यातल्या खुर्च्या, एकूण उंची, यातल्या प्रत्येकाला परवानगी लागू शकते. जे सांगतील ते लेखी घ्या.

काट्यावर तीनदा जा: नुसती चासी, कवच बसल्यावर, आणि सगळं सामान भरून. दर वेळी दोन्ही आक्सल आणि शक्य असेल तर चारही चाकं वेगवेगळी तोला, कारण सगळं जड सामान एका बाजूला झालं तर ट्रक कायम एका कुशीवर चालतो. टायरची हवा याच आकड्यांवरून, टायर कंपनीच्या तक्त्यात बघून ठरवा.

पहिली फेरी घरापासून दोनशे किलोमीटरच्या आत, दोन रात्रींची. निघण्याआधी चौकटीच्या प्रत्येक बोल्टवर आणि नटवर सलग एक रंगाची रेघ ओढा. परत आल्यावर टॉर्च घेऊन खाली झोपा आणि रेघा जुळतात का बघा. जिथे रेघ तुटलेली दिसेल तो बोल्ट काढून नवा घाला आणि ठरवून दिलेल्या जोरानेच आवळा. हजार किलोमीटरनंतर हेच पुन्हा करा.